नव्या टेंभुर्ण्याचं बीचफ्रंट

मु. पो. नवं टेंभुर्णं, दोंडाईच्याजवळ
रामनवमीचा दुसरा दिवस

आदरणीय रुपचंदभाऊ यांस,

आपला एकुलता एक मेहुणा पितांबर याचा सप्रेम नमस्कार. माझ्या वडिलांचे, आबांचे आशीर्वाद, आपल्या बहिणीचा नमस्कार, आणि भाची मृणालीचा लग्नघरातला घाईघाईचा नमस्कार. वि. वि. आपली शुगर कशी आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? धुळ्यात उन्हाचा तडाखा सुरू झाला असेल, तेव्हा ऑफिसातला चहा कमी करून ताक पीत जा. आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर आपली बहीण कोकिळा माझ्याशी मोजकंच बोलते, आबा माझ्याकडे बघून नुसती मान हलवतात आणि गावातली टवाळ मंडळी मला 'समुद्रशेठ' म्हणायला लागली आहेत. पण मी तसूभरही डगमगलेलो नाही, हे पहिल्यांदाच कळवून ठेवतो.

फोन असताना पत्र कशाला, असं आपल्या मनात आलं असेल. अहो भाऊ, फोन केला की आपण मीटिंगमध्ये असता. व्हॉट्सअ‍ॅप केलं की दोन निळ्या रेघा येतात आणि पुढे काही येत नाही. (आपण धरणावरचे साहेब, आपल्याला काम असतं, मला राग नाही. थोडा आहे.) पत्राचं बरं असतं. ते घरी येतं, वहिनींच्या हातात पडतं, आणि वहिनी ते आपल्याला जेवताना वाचून दाखवतात. ताटावरून उठून माणूस जाणार कुठे?

तर ऐका. मृणालीचं ठाण्याच्या भूषणरावांशी जमलं हे आपल्याला ठाऊक आहेच. मुलगा लाखात एक. त्यांच्या आईसाहेब, म्हणजे आमच्या विहीणबाई, स्वभावाने चांगल्या, फक्त एकदा मनात आलं की ते डोक्यातून जात नाही. (ह्या बाबतीत आमचं चांगलं जमेल.) त्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न गोव्याला समुद्राकाठी झालं. त्यामुळे त्यांनी फोनवर सांगितलं की, आमच्या भूषणचंही लग्न बीचफ्रंटच व्हायला हवं, अलिबागला एक जागा पाहून ठेवली आहे, तुमच्याकडची पन्नास माणसं आणा. पन्नास! अहो, आपल्या भाऊबंदकीत रुसणारेच पन्नासाच्या वर भरतील. आणि आबांचं काय? आबांना गाडीत बसवलं की दोंडाईच्याचं फाटक यायच्या आत उलटी होते, कंबर धरते, दुसऱ्या दिवशी माणूस ओळखू येत नाही. ते अलिबागला कसे पोचणार? मृणालीने तर त्याच दिवशी सांगून टाकलं, आबा नसतील तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. ती हे हसून बोलली नाही, भाऊ. तिला लहानपणी अंगाखांद्यावर कोणी खेळवलं हे मी आपल्याला सांगायला नको.

आता मी काय करणार होतो? मी तोंड उघडलं आणि म्हटलं, विहीणबाई, अलिबाग कशाला, आमचं शेत बीचफ्रंटच आहे. फोन ठेवला आणि मग त्या शब्दाचा अर्थ विचारायला निघालो. (आधी हो म्हणायचं आणि मग चौकशी करायची, ही आमच्या घराण्याची चाल आहे. आपल्या बहिणीशी लग्नही मी असंच ठरवलं, आणि त्यात काही वाईट झालं नाही.)

जळगावला माझा पुतण्या नीलेश प्लॉट विकतो. त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. तो म्हणाला, काका, एकदम सोपं आहे, आपल्याकडे जसं 'रोड टच' तसं त्यांच्याकडे 'बीचफ्रंट'. रोड टच म्हणजे गाडीतून पाय खाली टाकला की आपलीच जमीन. तसं घरातून पाय बाहेर टाकला की थेट वाळू आणि पुढे पाणी, मध्ये कोणाचा बांध नाही, कोणाचं घर नाही, सरकारी रस्ता नाही, ते बीचफ्रंट. समोर समुद्र आहे पण मधून रस्ता जातो, ते 'सी फेसिंग'. आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून मान वाकडी केल्यावर दोन इमारतींच्या फटीतून निळं काहीतरी दिसतं, ते 'सी व्ह्यू'. लोक म्हणे ह्या तिसऱ्यालाच पहिलं म्हणून विकतात, आणि घेणारेही पाहुण्यांना पहिलंच म्हणून सांगतात. मी म्हटलं, अरे, मग मी खोटं बोललोच नाही! आपल्या शेताच्या बांधाला धरणाचं पाणी लागतं. मध्ये कोण आहे? कोणी नाही. समुद्र नाही एवढीच काय ती कसर. नीलेश म्हणाला, काका, कसर मोठी आहे. पण तो विकणारा माणूस, त्याला माझ्यातलं पाणी ओळखता आलं आणि त्याने चहा मागवला.

दसऱ्याला ठाण्याची मंडळी सुपारी फोडायला आली, तेव्हा आपण होतातच. काय पाणी होतं भाऊ! धरण काठोकाठ, आमच्या बांधाला लाटा थडथड आपटत होत्या, आकाशात बगळे. विहीणबाई चपला काढून पाण्यात उभ्या राहिल्या, फोटो काढले, आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, अय्या, हे तर खरंच बीचफ्रंट! मी छाती काढून उभा. आबा खाटेवर बसून बघत होते, पाण्याकडे. आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावरची तारीख धरली आणि पत्रिकेवर मी स्वतः छापून घेतलं, 'स्थळ: बीचफ्रंट, शिवार नवं टेंभुर्णं'.

आता आपण म्हणाल, पितांबर, तू जन्मापासून त्या धरणाच्या काठावर राहतोस, उन्हाळ्यात पाणी मागे जातं हे तुला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं हो! ठाऊक कसं नसेल? पाणी मागे गेलं की मागे राहिलेल्या गाळात आम्ही टरबूज लावतो. धरणात जमीन गेलेल्यांचा त्या गाळपेरावर पहिला हक्क, म्हणून दरसाल आमचंच घर पहिलं उतरतं. पाणी एक पाऊल मागे सरकलं की आमचा हात बियाण्याच्या पिशवीत जातो. ही सवय इतकी अंगात भिनलेली की डोक्याला विचारावंच लागत नाही. तर झालं काय, की पौषात मी आणि कोकिळेने नेहमीप्रमाणे पाण्यामागोमाग टरबुजाची आळी घालत नेली. रोज सकाळी मी पाठीवर पिशवी टाकून पाण्याच्या मागे, आणि रोज दुपारी बांधावर उभा राहून मंडप कुठे, होमकुंड कुठे, लाटा कुठे, याची आखणी करतो. दोन्ही कामं मन लावून! एक दिवस मंडपवाल्या बन्सीलालला जागा दाखवायला घेऊन गेलो. तो बघतो, मी बघतो. बांधाच्या पुढे हिरवेगार वेल, वेलांच्या पुढे आणखी वेल, आणि त्याच्या पलीकडे लांबवर एक चमकती रेघ. बन्सीलाल म्हणाला, शेठ, इथे वाळूत नवरदेव उभा करायचा होता ना? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मग तो टरबुजात उभा राहील. माझ्या तोंडचं पाणी पळालं. धरणाचं आधीच पळालं होतं.

दुसरा कोणी असता तर हात टेकून अलिबागला गेला असता. मी नाही. मी ठरवलं, पाणी लांब गेलं तर आपण पाण्याकडे जाऊ. वेलांमधून वाट करू, मंडप पार खाली पाण्याला भिडवू. कोकिळा म्हणाली, वेलाला हात लावलात तर याद राखा, फळ धरलं आहे. (तिचा आवाज आपल्याला माहीत आहे.) म्हणून वाट वळसा घालून काढली. पण पाण्याच्या कडेला गाळ! माझा पाय घोट्यापर्यंत, बन्सीलालचा गुडघ्यापर्यंत, कारण तो खात्यापित्या घरचा आहे. त्याची चप्पल अजून तिथेच आहे. नीलेश म्हणाला होता, बीच म्हणजे वाळू. म्हटलं, घाला वाळू.

आणि इथे माझ्या अब्रूचा पंचनामा झाला. आपल्याकडे वाळूचं काय प्रकरण आहे हे आपल्याला सांगायला नको. नदीतून वाळू काढणाऱ्यांच्या मागे पथकं फिरतात, ट्रॅक्टर दिसला की आधी ताडपत्री वर करतात. मी सगळे कागद करून, रीतसर पावतीची वाळू दोंडाईच्याहून आणत होतो. गावाच्या वळणावर ट्रॅक्टर अडवला. विचारलं, वाळू कुठून काढली? म्हटलं, काढली नाही, टाकायची आहे. कुठे? म्हटलं, पाण्याच्या काठी. त्या साहेबांनी वाळू मुठीत घेऊन पाहिली. नदीतून वाळू चोरणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, काठावर नेऊन ओतणारा पहिलाच. त्यांना वाटलं, ह्याच्यात नक्की काहीतरी मोठी भानगड आहे. मग मी बीचफ्रंट म्हणजे काय ते त्यांना पहिल्यापासून समजावलं, रोड टचपासून. त्यांनी पावती तीनदा वाचली, मला पाणी प्यायला दिलं आणि घरी कोणी मोठं माणूस आहे का, असं विचारलं.

वाळू शेवटी टाकली. छान पसरली, फावड्याने लाटांच्या रेघासुद्धा ओढल्या. सकाळी जाऊन बघतो तर बीच गायब! शेजारच्या चुडामणच्या ओट्याला नवं प्लास्टर, शाळेमागच्या मोरीला नवं प्लास्टर, आणि सुंदरबाईंच्या दारात एक लहानसा ढीग, त्यावर त्यांचा नातू घर-घर खेळतोय. मी चुडामणला जाब विचारला, तर तो सरळ म्हणतो, पितांबरभाऊ, नदीकाठी पडलेली वाळू गावाची असते. घ्या आता! जी थोडी उरली होती तिच्यावर म्हशी बसल्या, कारण म्हशींना वाळू थंड लागते. बन्सीलालने दारात लावायला प्लास्टिकची नारळाची झाडं आणली होती, ती वाऱ्याने पडली आणि एका म्हशीने एक झावळी चावून पाहिली. तिला ती आवडली नाही.

तर भाऊ, अशी सगळी हकीकत. गाव हसतंय, घर रुसलंय, पाणी रोज मागे चाललंय. पण मी आपल्याला शब्द देतो, मृणालीचं लग्न इथेच होणार, आबांच्या डोळ्यांसमोर होणार आणि बीचफ्रंटच होणार. आपण मामा, अंतरपाटामागे मुलीला घेऊन आपणच उभं राहायचं आहे. वहिनींना चार दिवस आधी पाठवून द्या, मुलांना परीक्षा झाल्या झाल्या पाठवा. बाकी काही मागणं नाही. लहानांना पापे, थोरांना नमस्कार आणि आपल्याला मेहुण्याचा भरवसा.

आपला,
पितांबर

ता. क. १: बाकी काही मागणं नाही असं वर लिहिलं खरं, पण एक बारीकसं राहिलंच. आखाजीच्या आधी धरणातून खालच्या गावांसाठी जे पाणी सोडतात, ते यंदा लग्न झाल्यावर सोडलं तर? ते सुटलं की उरलंसुरलं पाणीही पार खोऱ्यात जाऊन बसेल आणि मला वाळूऐवजी शिडी आणावी लागेल. हे आपल्या हातात नसतं, वरून आदेश येतो, वगैरे आपण म्हणाल. मला सगळं समजतं. पण चावी तर आपल्याच माणसाच्या खिशात असते ना? मी आपल्या घरचा जावई, आजवर कधी हट्ट धरला नाही. (लग्नातलं घड्याळ सोडून.) एवढं एक ऐकाच.

ता. क. २: पत्र खिशात राहिलं आणि सदरा धुवायला गेला. आपल्या बहिणीने ते वाचलं आणि पेन मागितला. पुढची ओळ तिच्या हातची आहे, मी खोडली असती पण ती समोर उभी आहे.

'भाऊ, यास्नं काय आयकू नको. पाणी येळवर सोड. आखाजीले खालना गावेसमा लेकी माहेरले येतीन. बठ्ठा घरेसमा घागर भरतस, ती कसानी भरतीन?'

ता. क. ३: दोन दिवसांनी लिहितो आहे. कोकिळेने हे सगळं आबांना सांगितलं. मला वाटलं आबा रागावतील. त्यांनी मला खाटेजवळ बसवलं आणि शांतपणे विचारलं, तो तुझा शब्द, त्याचा अर्थ काय रे? मी म्हटलं, आबा, ज्या जमिनीच्या आणि पाण्याच्या मध्ये कोणीच नसतं, तिला बीचफ्रंट म्हणतात. आबा हसले. म्हणाले, 'आपली जमीन ते पाणीना पोटमा शे. आपला नि पाणीना मधमा कोन शे?'

खरंच की! भाऊ, जमीनच पाण्याच्या पोटात आहे, मग मध्ये कोण असणार?

मग त्यांनी विचारलं, 'खळं उघडं पडनं का?' मला आधी समजेना. जुनं टेंभुर्णं पाण्याखाली गेलं तेव्हा मी पाळण्यात होतो, मला हेच गाव माहीत. आबांनी काठीने दाखवलं. जिथे मी वाळू ओतली त्याच्याही खाली, पाण्याच्या आत, आमचं जुनं शेत आहे आणि शेतात खळं. पूर्वी सुगी संपली की मोकळ्या खळ्यातच मांडव पडायचे. आबा म्हणाले, 'मन्हं लगीन तठेच लागनं.' पाणी फारच उतरलं तरच खळ्याचे दगड वर येतात, त्यांनी इतक्या वर्षांत ते मोजक्या वेळाच पाहिले. प्रत्येक उन्हाळ्यात खाट बांधावर का न्यायला लावतात, हे मला आज कळलं. आम्हाला वाटायचं, वाऱ्यासाठी.

म्हणून भाऊ, ता. क. १ खोडलं असं समजा. पाणी सोडा. वेळेवर सोडा, आणि हात आखडू नका. खालच्या गावांच्या पितरांच्या घागरी भरू द्या आणि इकडे आमचं खळं वर येऊ द्या. ऊन तापलं की गाळ आपोआप वाळेल, आबांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घालून नेऊ, सावकाश. मांडव खळ्यातच पडेल. नारळपाण्याच्या जागी कोकिळेची टरबुजं. ती वाटेतच आहेत.

ता. क. ४: विहीणबाईंना फोन करून स्वतःच सगळं सांगून टाकलं. म्हटलं, पाणी बरंच लांब गेलं आहे आणि अजून जाणार आहे. त्या म्हणाल्या, अहो, ओहोटीला अलिबागलाही पाणी लांबच जातं, त्यात काय एवढं? फक्त भरती कधी येते ते सांगा, म्हणजे पाहुण्यांना वेळेत काढता येईल. मी म्हटलं, आषाढात. त्या म्हणाल्या, मग जेवणं निवांत होतील.

ता. क. ५: आता खरंच शेवटचं. ते खळं आज सरकारच्या नावावर आहे आणि तिथे मांडव टाकायला आपल्या खात्याची परवानगी लागेल, असं नीलेश म्हणतो. आबांना विचारलं, तर ते म्हणाले, आपल्या खळ्यात लग्न लावायला कोणाला कशाला विचारायचं? तेव्हा भाऊ, परवानगी आपण गुपचूप काढून ठेवा. आबांना सांगू नका.